पुढची मेंढी

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस माझ्या पिढीतले कोणी विसरले असेल असे मला वाटत नाही. त्या दिवशी गणपती दूध प्याला. मी तेव्हा नववीत होते. सकाळीच शेजारच्या काकू धापा टाकीत आल्या. त्यांच्या दिरांचा दिल्लीहून फोन आला होता. दहाच्या सुमारास आईने माझ्या हातात दुधाची वाटी आणि चमचा दिला आणि म्हणाली, "जा, रांगेत उभी राहा. मी कुकर उतरवून आलेच."

आता खरे सांगायचे तर माझ्या मनात थोडी शंका होती. केशाकर्षणाचा धडा आमचा नुकताच झाला होता. पण देवळापाशी पोचते तो काय, रांगेत आमचे विज्ञानाचे सरच उभे! शंका तिथल्या तिथे मिटली. सर उभे आहेत त्या अर्थी यात काही तरी असलेच पाहिजे. मी उभी राहिले. मला पाहून माझ्या वर्गातल्या दोघी उभ्या राहिल्या. त्यांना पाहून समोरच्या चाळीतली मुले आली. तासाभरात रांग पिंपळाला वळसा घालून टपाल कचेरीपर्यंत गेली.

दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून खरा प्रकार दाखवून दिला. चमचा मूर्तीला टेकला की पृष्ठताणामुळे दूध वर ओढले जाते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळाने खाली उतरते. पांढऱ्या दगडावर ते दिसत नाही इतकेच. पण माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे खरे रहस्य उलगडले ते पुष्कळ वर्षांनी, सर निवृत्त झाल्यावर भेटले तेव्हा. मी धीर करून विचारले, "सर, तुम्ही त्या दिवशी रांगेत कसे?"

सर हसले. म्हणाले, "अगं, शेजारी दूधकेंद्र नव्हतं का? मला वाटलं, दूध संपणार म्हणून त्याचीच रांग लागली आहे. देवळाची रांग आहे हे कळलं तेव्हा मागे वळून पाहतो तर माझा अर्धा वर्ग माझ्या मागे! आता निघून गेलो असतो तर तुम्हांला काय सांगितलं असतं?"

तेव्हा मला आठवले, सरांच्या हातात चमचा नव्हताच. किटली होती. ती मी त्या दिवशी पाहिलीही होती आणि सरांची भक्ती आपल्यापेक्षा मोठी, म्हणून भांडेही मोठे, असे समजून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला होता!

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचलेली एक इंग्रजी कादंबरी. कॉनी विलिस या अमेरिकन लेखिकेची ही 'बेलवेदर'. ती १९९६ साली, म्हणजे आमच्या गणपतीच्या दुग्धप्राशनाच्या पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. विलिसबाई कोलोरॅडोच्या. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांत त्यांचे नाव मोठे आहे आणि त्या प्रांतातली मोठमोठी पारितोषिके त्यांनी अनेकदा मिळवली आहेत. पण या कादंबरीत ना अग्निबाण आहे ना परग्रहावरचा माणूस. आहे ती एक कचेरी आणि त्या कचेरीतली माणसे. आणि कादंबरीच्या उत्तरार्धात मेंढ्या.

कथानायिका सँड्रा फॉस्टर बोल्डर गावातल्या हायटेक नावाच्या कंपनीत संशोधन करते. तिचा विषय आहे फॅड. फॅड उठते कसे, पसरते कसे आणि एका सकाळी नाहीसे होते ते कसे? कंपनीच्या वरिष्ठांना याचे उत्तर फार हवे आहे. कारण उघड आहे. फॅड कोठून उगवते हे कळले की ते पेरताही येईल आणि पेरता आले की पीकही काढता येईल! सँड्राने अभ्यासासाठी निवडले आहे ते १९२० च्या सुमारास अमेरिकेत आलेले बायकांचे केस आखूड कापण्याचे वेड. आयरीन कॅसल या नर्तकीने महायुद्धाच्या आगेमागे केस कापले हे खरे. पण एका नर्तकीने कापले म्हणून देशभरच्या लेकीसुनांनी कापावेत? सँड्रा जुन्या वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून आकडे जमवते, नकाशे काढते, रंगीत रेघा ओढते. उत्तर मात्र सापडत नाही.

सापडणार कसे? तिच्या कचेरीत फ्लिप आहे ना! फ्लिप ही टपाल आणि कागदपत्रे इकडून तिकडे पोचवणारी मुलगी. ती कागद पोचवत नाही, पोचवले तर भलत्याच टेबलावर टाकते, अर्जाची मधलीच पाने हरवते, आणि विचारायला जावे तर आपणच तिचा काही अपराध केला आहे अशा मुद्रेने उसासा टाकते. तिचे कपडे, तिचे केस, तिचे शब्द, सारेच विचित्र. गंमत अशी की जे आज फ्लिपच्या अंगावर विचित्र दिसते ते चार दिवसांनी गावातल्या प्रत्येक मुलीच्या अंगावर दिसू लागते. सँड्रा हे रोज पाहते, चिडते आणि फॅड कोठून सुरू होतात हे शोधायला पुन्हा आपल्या नकाशांकडे वळते! वाचकाला जे दिसते ते संशोधिकेला दिसत नाही, यातच या कादंबरीचा अर्धा विनोद आहे.

दुसरा अर्धा विनोद वरिष्ठांचा. तिथे दर महिन्याला नवी कार्यपद्धती निघते. तिला आद्याक्षरांचे एक भारदस्त नाव असते, तिच्यासाठी सभा भरते, सभेत सर्वांना गोल करून बसवून एकमेकांशी मोकळे व्हायला सांगतात. पैशासाठी करायचा अर्ज 'सुलभ' करतात आणि तो पूर्वीपेक्षा लांब होतो. महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या कोणालाही ही पाने वाचताना लेखिका आपल्याच कचेरीत बसून गेली की काय असा संशय येईल. मला तरी आला.

तर फ्लिप एक पुडके चुकीच्या जागी आणून टाकते, ते पोचवायला सँड्रा स्वतः जाते आणि तिची गाठ बेनेट ओराइली या शास्त्रज्ञाशी पडते. या गृहस्थाचे वैशिष्ट्य असे की याच्यावर कोणत्याच फॅडचा परिणाम होत नाही. त्याचे कपडे कोणत्याच काळातल्या फॅशनचे नाहीत. फॅडचा अभ्यास करणाऱ्या बाईला फॅडची बाधा न होणारा पुरुष म्हणजे वैद्याला कधी आजारी न पडणारा रोगी भेटल्यासारखेच! बेनेटला माकडे हवी असतात. फ्लिपच्या कृपेने त्याचा अर्ज बुडतो, तेव्हा सँड्रा आपल्या ओळखीच्या एका मेंढपाळाकडून मेंढ्या मागवते. एका मेंढीला एक युक्ती शिकवायची आणि ती युक्ती कळपात कशी पसरते ते पाहायचे असा बेत ठरतो. मेंढ्या काही शिकत नाहीत. त्या नुसत्या एकमेकींना ढकलत कोपऱ्यात उभ्या राहतात. आणि इथेच कादंबरीच्या नावाचा अर्थ येतो.

'वेदर' म्हणजे खच्ची केलेला मेंढा. कळपाच्या पुढे चालणाऱ्या अशा मेंढ्याच्या गळ्यात घंटा बांधीत, म्हणून 'बेलवेदर'. आपण समजतो, हा कळपाचा पुढारी. मेंढपाळ सँड्राला सांगतो ते वेगळेच. पुढची मेंढी काही पुढारी नसते. तिला वाट ठाऊक नसते, कोणाला नेण्याची तिची इच्छाही नसते. ती इतरांपेक्षा जराशी अधिक भुकेली, जराशी अधिक चपळ असते, म्हणून पाऊलभर पुढे असते. मागच्या मेंढ्यांनाही आपण तिच्या मागे जातो आहोत हे कळत नाही. प्रत्येकीला वाटते, आपण आपल्याच मनाने चाललो आहोत.

संस्कृत पंडितांनी मेंढरांच्या या चालीला 'गड्डरिकाप्रवाह' असे भारदस्त नाव देऊन तिचा एक न्यायच करून ठेवला आहे. पण त्यांचा रोख मागच्या मेंढ्यांवर होता. विलिसबाईंनी पुढचीकडे बोट दाखवले. पुढची मागच्यांहून शहाणी नाही, ही गोष्ट मला पटायला एक कादंबरी लागली. खरे तर सरांची किटली पुरायला हवी होती.

कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी जगातल्या एकेका फॅडची चारपाच ओळींत नोंद दिली आहे. सुरुवात होते ती १९५८ च्या हूला हूपपासून, म्हणजे कमरेभोवती फिरवायच्या त्या प्लास्टिकच्या कड्यापासून. या नोंदी वाचताना हसू येते आणि हसता हसता थोडी भीतीही वाटते. कारण सगळीच फॅड कमरेभोवती कडे फिरवण्याइतकी निरुपद्रवी नसतात. याच कादंबरीत शर्ल नावाची एक कर्मचारी आहे. सबंध कचेरीत नीट काम करणारी तीच काय ती एकटी. पण ती सिगारेट ओढते आणि सध्याचे फॅड धूम्रपानाच्या विरुद्ध आहे. तेव्हा तिला आधी खोलीतून, मग इमारतीतून बाहेर काढतात, आणि ती थंडीत कुडकुडत उभी असते. धूम्रपान वाईट यात शंका नाही. पण त्या माणसांना शर्लच्या फुप्फुसांची काळजी मुळीच नाही. त्यांना आज कोणाला तरी बाहेर काढायचे आहे आणि आजची पाळी शर्लची आहे. लेखिका हे हसत हसत सांगते आणि चटकन पुढे जाते, पण ती बाई माझ्या मनातून गेली नाही.

कोणी म्हणेल, हे सामान्य माणसांचे झाले, शास्त्रज्ञांचे तसे नसते. त्यांच्यासाठी एक खरी घडलेली गोष्ट सांगते. ती या कादंबरीतली नाही, पण तिच्या शेजारी शोभेल अशी आहे. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि नवे किरण शोधण्याची लाटच उसळली. १९०३ साली फ्रान्समधल्या नान्सी विद्यापीठातल्या ब्लाँडलो या नामांकित प्राध्यापकाने आपल्याला एक नवा किरण सापडल्याचे जाहीर केले आणि गावाच्या नावावरून त्याला 'एन-किरण' म्हटले. ठिणगीचा उजेड किंचित वाढतो, त्यावरून तो ओळखायचा. मग काय! कितीतरी शास्त्रज्ञांना तो उजेड दिसू लागला. माणसाच्या शरीरातून एन-किरण निघतात असे निबंध प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी वुड नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ तिथे गेला. काळोख्या खोलीत प्रयोग चालू असताना त्याने उपकरणातला लोलक हळूच काढून घेतला. लोलक नसतानाही त्या मंडळींना एन-किरण पूर्वीच्याच जागी दिसत राहिले! ही माणसे खोटारडी नव्हती. उजेड दिसतो असे आधीच्यांनी सांगितले होते, म्हणून त्यांना तो दिसत होता.

विज्ञानाची दुसरी बाजूही विलिसबाई दाखवतात, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. फ्लेमिंगच्या बशीवर १९२८ साली बुरशी आली ती त्याने आणली नव्हती. प्वांकारेला गणितातली मोठी कल्पना सुचली ती गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताना. लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने १९६१ साली यंत्राला ०.५०६१२७ ऐवजी नुसते ०.५०६ दिले आणि पुढचे सगळे हवामानच पालटून गेले. एवढ्याशा फरकातून केवढे काय होते, या विचाराला त्यामुळे चालना मिळाली. गोंधळ, चूक, हरवलेला कागद यांतूनच कधी कधी नवी मांडणी जन्माला येते. फ्लिपच्या सगळ्या घोटाळ्यांची बेरीज शेवटी काय होते ते मी सांगत नाही, वाचणारांचा आनंद जाईल. कादंबरीत उणे आहे ते इतकेच की एकच थट्टा बाई पुन्हा पुन्हा करतात आणि प्रेमकथेचा शेवट पंधराव्या पानावरच ओळखू येतो. पण विनोदी कादंबरीकडून याहून अधिक मागणे म्हणजे जिलबीला सरळ रेषा मागण्यासारखे आहे.

आता मुद्द्याचे. सँड्राला एक सवय आहे. तिच्या गावच्या ग्रंथालयात, जी पुस्तके बरेच दिवस कोणी नेत नाही ती काढून टाकतात. म्हणून ती जुनी चांगली पुस्तके मुद्दाम आपल्या नावावर घरी नेते. वाचण्यासाठीच असे नाही, ती जिवंत राहावीत म्हणून. हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. कारण त्याच मार्चमध्ये मी एका कागदावर सही केली होती.

एका महाविद्यालयाची ही गोष्ट, त्यात मी नोकरी करते एवढे सांगितले म्हणजे पुरे. संगणकांना जागा हवी होती. गेल्या दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी झाली. तीनशेबारा पुस्तके, बहुतेक मराठी. समितीत आम्ही पाच जण. कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर चार सह्या होत्या. मी यादीवरून नजर फिरवली. नाथमाधवांचे 'वीरधवल' होते. केतकरांच्या कादंबऱ्या होत्या. विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' होते. १९३३ साली हे पुस्तक निघाले तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनातले इतके उघड लिहिणारी ही बाई कोण, याचा शोध घेण्यासाठी सारा महाराष्ट्र धावला होता. ज्या पुस्तकामागे एकदा सगळा कळप धावला, त्याला आता दहा वर्षांत एक वाचक नव्हता. हे सारे मला दिसले, आणि तरी मी सही केली. तासाची घंटा झाली होती, चार शहाण्या माणसांनी आधी विचार केलाच असणार, आणि एकटीने 'नाही' म्हणून कशाला वाईट व्हायचे?

कादंबरी वाचून झाल्यावर मी त्या चौघांपैकी एकांना फोन केला. ते पदार्थविज्ञानाचे. म्हणाले, "मला काय कळतंय मॅडम मराठीतलं? यादी आली म्हणजे तुमच्या विभागाला चालत असेल असं समजून मी केली सही." म्हणजे ते माझ्या मागे चालले होते आणि मी त्यांच्या! पुढे कोणीच नव्हते.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले त्याच दिवशी मी ग्रंथालय गाठले. पुस्तके गेलीच असणार असे धरून चालले होते. पाहते तो जिन्याखाली सुतळीने बांधलेले गठ्ठे तसेच! शिपाईमामा कान खाजवीत म्हणाले, "रद्दीवाल्याला द्यायचा कागद माझ्याकडनं कुठं तरी गेला बघा. सायबांना सांगू नका." मामांनी आजवर माझे कितीतरी कागद हरवले आहेत आणि मी त्यांना वाटेल तसे बोलले आहे. त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला.

समितीची बैठक पुन्हा घ्यायला लावली. या वेळी पहिली बोलले ती मी. सगळी पुस्तके वाचली असे नाही. सव्वाशेच्या आसपास कपाटात परत गेली, बाकीची शेवटी रद्दीत गेली. त्यांत काय काय गेले त्याची यादी माझ्या खणात आहे, आणि तिच्या खाली माझी सही आहे. ती सही काही पुसता येत नाही.

माझ्या कार्डावर दहा पुस्तके मिळतात, ती दहाही मी काढली. 'कळ्यांचे निःश्वास' हातात घेऊन आठवडाभर वर्गावर जात होते. मुद्दाम नव्हे, रिकाम्या तासाला वाचत होते. एके दिवशी दुसऱ्या वर्षातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रोज तुमच्या हातात असतं ते पुस्तक मला मिळेल?" मी दिले. तिने त्याचे छायाचित्र मैत्रिणींना पाठवले. पंधरा दिवसांत त्याला नऊ जणींची नावे लागली! ग्रंथपाल चकित होऊन विचारायला आले, "मॅडम, हे अभ्यासक्रमाला लावलंय का?" मी नाही म्हटले. सरांनी किटली घेऊन रांगेत उभे राहावे तसे काही तरी माझ्या हातून झाले होते खरे.

मी फार आनंदून गेले असे मात्र नाही. नऊंपैकी पाच जणींनी पुस्तक दोन दिवसांत, न वाचताच परत केले. ते नेणे हेच त्यांना पुरे होते. दोघींनी वाचले आणि त्यांना आवडले नाही. एकीने येऊन माझ्याशी तासभर वाद घातला. नववी जी आहे, तिने अजून ते परत केलेले नाही. तिच्या मैत्रिणींचे वेड दुसरीकडे वळले, रांग संपली, पण पुस्तक तिच्याकडेच आहे. दोनदा ग्रंथपाल तक्रार घेऊन आले, दंड चढतो आहे म्हणून.

मी त्यांना म्हटले, "चढू द्या. दंड मी भरीन."